माझे पैसे ज्या खात्यात गेले, ते खाते कोणी उघडू दिले?

दि. 3 फेब्रुवारी 2025
डोंबिवली (पूर्व)

प्रति,
मुख्य नोडल अधिकारी,
ग्राहक तक्रार निवारण विभाग,
मुख्य कार्यालय, मुंबई

विषय : चालू खात्यातून परस्पर गेलेले 1,86,000 रुपये आणि ते ज्या खात्यात गेले त्याबाबत बँकेची जबाबदारी.

संदर्भ : आपले दि. 8 जानेवारी 2025 चे ईमेल.

महोदय / महोदया,

"व्यवहार ओटीपीद्वारे प्रमाणित झाला असल्याने बँक जबाबदार नाही," हे आपले उत्तर मिळाले. ते मला मान्य नाही.

माझा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. 9 डिसेंबरला, सोमवारी पहाटे, माझ्या मोबाइलची रेंज गेली. माझ्या नंबरचे दुसरे सिमकार्ड कोणीतरी काढून घेतले होते. उजाडेपर्यंत खात्यातले 1,86,000 रुपये गेले. बेसनवाला, तूपवाला, डबेवाला यांची दिवाळीपासूनची देणी त्यातून द्यायची होती. शेजारणीच्या फोनवरून सकाळी 7.40 ला मी आपल्या हेल्पलाइनला कळवले आणि लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दोन्ही तक्रार क्रमांक सोबत आहेत.

आता जे आपल्या उत्तरात कुठेच नाही ते. हे पैसे दुसऱ्या बँकेत गेले नव्हते. आपल्याच दुसऱ्या शाखेतल्या एका चालू खात्यात ते जमा झाले होते आणि दुपारी साडेबारापर्यंत तिथेच होते. सायबर पोलिसांकडच्या उताऱ्यावर वेळ छापलेली आहे. मी सकाळी फोन केला तेव्हा माझे पैसे तुमच्याच ताब्यात होते. त्या खात्याला होल्ड लागला दुसऱ्या दिवशी, खाते रिकामे झाल्यावर. मधल्या वेळात माझी तक्रार कोणाच्या टेबलावर पडून होती, हे मला लेखी हवे आहे.

ओटीपीबद्दल इतकेच सांगते की रिझर्व्ह बँकेचे 6 जुलै 2017 चे परिपत्रक मी वाचले आहे. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यात बँकेवर टाकली आहे. बँकेचा हलगर्जीपणा असेल तर ग्राहकाचे दायित्व शून्य. तक्रार आल्यापासून कामाच्या 10 दिवसांत रक्कम खात्यात जमा दाखवायची असते, तीही व्यवहाराच्या तारखेपासून. आपण यातले काहीही केलेले नाही आणि मी ओटीपी कोणाला दिला याचा पुरावाही दिलेला नाही. देणार कसा, फोनच माझ्याकडे चालू नव्हता.

दुसरा भाग त्या खात्याचा. माझे चालू खाते उघडताना आपल्या माणसाने घरी येऊन शेगडीचे, ओट्याचे आणि अन्न परवान्याच्या कागदाचे फोटो काढले होते. वीजबिल सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून त्यांचे संमतिपत्र घेतले. सहीतला उकार जुळत नाही म्हणून माझा धनादेश परत आला आणि त्याचा दंडही मीच भरला. ज्या 'ट्रेडिंग कंपनी'च्या खात्यात माझे पैसे गेले, तिच्या पत्त्यावर पोलिसांना एका बिगाऱ्याची खोली सापडली. आपल्या नावावर कंपनी आहे हे त्याला पोलिसांकडून कळले. मग त्या पत्त्यावर जाऊन 'पडताळणी झाली' असे लिहिणारा तुमचा माणूस कोण? हे शाखेत विचारले, तर "ग्राहकाची गोपनीयता" असे उत्तर मिळाले.

ही गोपनीयता आम्ही गेल्या वर्षी चांगली पाहिली आहे. राजकीय पक्षांना देणगी देण्यासाठीचे निवडणूक रोखे विकण्याचा अधिकार फक्त स्टेट बँकेला होता. कोणी किती कोटींचे घेतले आणि ते कोणत्या पक्षाने वटवले, हे बँकेला माहीत होते. मतदाराला मात्र कळायचे नव्हते. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवून 6 मार्चपर्यंत तपशील द्यायला सांगितले, तेव्हा बँकेने 30 जूनपर्यंत मुदत मागितली. म्हणजे लोकसभेची निवडणूक उरकल्यावर. 11 मार्चला न्यायालयाने खडसावल्यावर तपशील एका दिवसात दिले गेले. तो विषय तुमच्या बँकेचा नाही, हे खरे. पण गोपनीयतेच्या आड काय काय बसू शकते हे त्यातून कळते. माझी मागणी तर फारच लहान आहे. मला त्या खातेदाराची कुंडली नको, त्याचे खाते मंजूर करणाऱ्याची जबाबदारी हवी.

"आमची प्रणाली सुरक्षित आहे," असेही आपण लिहिले आहे. पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधल्या ब्रॅडी हाउस शाखेतून नीरव मोदी आणि मेहुल चोक्सी यांच्या कंपन्यांसाठी हमीपत्रे सुटत होती. स्विफ्ट या बँकांच्या आपसातल्या संदेशप्रणालीवरून संदेश जात होते आणि बँकेच्या मुख्य संगणकात त्यांची नोंदच नव्हती. वर्षानुवर्षे हे कोणाला दिसले नाही. 2018 मध्ये उघड झाले तेव्हा आकडा 13,000 कोटींच्या वर गेला. भांडुपला मुख्यालय असलेल्या तेव्हाच्या पीएमसी या सहकारी बँकेत एचडीआयएल या बांधकाम कंपनीची 44 कर्जखाती झाकण्यासाठी 21,049 बनावट खाती दाखवल्याचे समोर आले. सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले आणि ठेवीदारांना आधी फक्त 1,000 रुपये काढायची परवानगी मिळाली. राज्य सहकारी बँकेचे राजकारण्यांनी भरलेले संचालक मंडळ 2011 मध्ये बरखास्त झाले, 2019 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितल्यावर कर्जवाटपातल्या गैरव्यवहाराच्या आरोपांवरून गुन्हा नोंदला गेला आणि पुढे तपास बंद करण्याचा अहवाल पोलिसांनीच दिला. एवढे झाल्यावर 'प्रणाली' हा शब्द वाचून माझे समाधान होत नाही.

नियमही बघा. परदेशातल्या मंत्र्याचे खाते उघडायचे तर केवायसीच्या (ग्राहकाची ओळख पडताळण्याच्या) नियमांनुसार वरिष्ठ अधिकाऱ्यांची मंजुरी लागते, पैसा कुठून आला ते तपासावे लागते. त्या व्याख्येत आपल्याकडचे आमदार-खासदार बसत नाहीत. आणि कोट्यवधींच्या कर्जदाराला 'फसवणूक करणारा' ठरवण्यापूर्वी कारणे दाखवा नोटीस देऊन किमान 21 दिवस म्हणणे मांडू द्यायचे, असे रिझर्व्ह बँकेचे जुलै 2024 चे निर्देश आहेत. त्याआधी मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याची बाजू ऐकायला सांगितले होते. ते योग्यच आहे, कोणालाही न ऐकता ठपका ठेवू नये. मग मला निष्काळजी ठरवण्यापूर्वी एक प्रश्न तरी विचारायचा होता. ना फोन, ना नोटीस, सरळ चार ओळींचा निकाल.

त्या शाखेतल्या एखाद्या कंत्राटी मुलाला काढून टाकाल आणि 'योग्य ती कारवाई केली' असे कळवाल, अशी मला भीती आहे. ते नको. महिन्याला इतकी खाती उघडा म्हणून त्या मुलांच्या मागे कोण लागते, हे काउंटरपलीकडे उभे राहून आम्हालाही ऐकू येते. ते टार्गेट ज्यांनी ठरवले आणि ज्यांच्या सहीने हे खाते चालू झाले, त्यांची चौकशी करा आणि निष्कर्ष मला कळवा. त्याच पत्त्यावर किंवा त्याच मोबाइल नंबरवर आणखी किती खाती उघडली आहेत ते तपासून पोलिसांना द्या. माझ्यासारखे आणखी कोण त्यात अडकले असतील ते तुम्हालाच कळू शकेल.

1,86,000 रुपये 9 डिसेंबर 2024 या तारखेने माझ्या खात्यात जमा करावेत. शिल्लक कमी पडल्याबद्दल डिसेंबर आणि जानेवारीत कापलेला दंडही परत करावा. चोरी झाल्यामुळे शिल्लक कमी झाली होती, हे दंड कापणाऱ्या संगणकाला कळत नसेल, आपल्याला कळावे. आपल्या उत्तराने समाधान न झाल्याने मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार दाखल करत आहे. तिथे उत्तर देताना सकाळी 7.40 च्या माझ्या कॉलचे रेकॉर्डिंग सोबत जोडावे, ते पुसले जाऊ नये.

आपली खातेदार
(नाव, खाते क्रमांक व सही सोबतच्या अर्जावर)

सोबत : हेल्पलाइन व 1930 तक्रार क्रमांक, पोलिसांकडील पोच, खाते उतारा, मोबाइल कंपनीचे सिम बदलल्याचे पत्र.

प्रत माहितीसाठी : लोकपाल, भारतीय रिझर्व्ह बँक