टॅब नंतर घ्या, आधी फोनवर सव्वीस चित्रे काढा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वार्षिक परीक्षा संपत आल्या की ‘डिजिटल आर्ट आणि ॲनिमेशन’च्या सुट्टीतल्या वर्गांच्या जाहिराती सुरू होतात. मग घरोघरी चर्चा सुरू होते, की मुलाला टॅब घ्यावा का, पेन-टॅब्लेट घ्यावा का, आणि घ्यायचाच तर कोणता. आमचे म्हणणे असे की पहिले दोन-तीन महिने यातले काहीही घेऊ नये. घरातला साधा अँड्रॉइड फोन पुरतो. मुले अडतात ती दोन चित्रांमध्ये किती अंतर ठेवायचे आणि एक चित्र किती वेळ थांबवायचे या ठिकाणी. तिथे महाग पेनाचा काही उपयोग होत नाही.

तुटपुंज्या साधनांवर हे काम होते याचा पुरावा जुना आहे. निन्टेंडोने डिसेंबर २००८ मध्ये जपानमध्ये डीएसआय या हातातल्या खेळयंत्रासाठी ‘फ्लिपनोट स्टुडिओ’ आणले. त्यात चित्राचा आकार होता २५६ बाय १९२ ठिपके (म्हणजे पिक्सेल), लेयर (एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर) दोन, रंग काळा-पांढरा, लाल आणि निळा एवढेच, आणि पाने जास्तीत जास्त ९९९. एवढ्यावर मुलांनी ढीगभर हलती चित्रे केली. रंगच नसल्याने रंग निवडण्यात दुपार जात नसे आणि सगळे लक्ष हालचालीवर राहत असे. आजच्या फोनवर ही शिस्त आपली आपणच लावून घ्यावी लागते.

ॲप म्हणून फ्लिपाक्लिप नवशिक्यांना सोपे. एकेक चित्र नीट रंगवायचे असेल तर आयबिस पेंट बरे. टॅब आधीच घरात असला तर क्रिता फुकट मिळते, पण फोनच्या पडद्यावर त्याची बटणे मावत नाहीत. फ्लिपाक्लिपच्या फुकट आवृत्तीत व्हिडिओच्या कोपऱ्यात ॲपचे नाव उमटते. उमटू द्यावे.

नवा प्रोजेक्ट उघडताना आकार १२८० बाय ७२० आणि वेग सेकंदाला १२ फ्रेम, म्हणजे बारा चौकटी, ठेवावा. बहुतेक मुले सवयीने १९२० बाय १०८० निवडतात, आणि आठवडाभरात ‘फोन हँग होतो’ ही तक्रार येते. हिशेब साधा आहे. एका ठिपक्याला ४ बाइट धरले तर मोठ्या आकाराचे एक चित्र मेमरीत सुमारे ८.३ एमबी जागा घेते, लहान आकाराचे ३.७ एमबी. दहा सेकंदांच्या तुकड्याच्या १२० फ्रेम, प्रत्येकी तीन लेयर, म्हणजे ३६० चित्रे. मोठ्या आकारात हे तीन जीबीच्या घरात जाते, लहान आकारात सव्वा-दीड जीबीत बसते. ॲप सगळी चित्रे एकदम उघडत नाही आणि साठवताना दाबून ठेवते हे खरे, तरी ४ जीबी रॅमच्या फोनला हा फरक चांगलाच जाणवतो. आकार स्वतः टाकायचा असेल तर दोन्ही आकडे सम असावेत. विषम आकड्यावर एमपी४ व्हिडिओ करताना काही ॲप अडतात, काही कडेची एक ओळ खातात.

बारा फ्रेम का, असे विचारले जाते. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो, पण हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये एक चित्र दोन चौकटी धरून ठेवण्याची जुनी रीत आहे, म्हणजे चित्रे बाराच. निवांत हालचालीला ८ सुद्धा चालतात. ३० ठेवून शिकणारा मुलगा एका सेकंदातच दमतो.

बोटाने काढताना रेघेचे टोक बोटाखाली झाकले जाते, म्हणून चित्र दुप्पट-तिप्पट मोठे करून काढावे आणि दर दोन-तीन रेघांनी पूर्ण आकारात पाहावे. गोल पारदर्शक चकतीचे स्वस्त पेन घेतले तर टोक दिसते. त्याला दाब मात्र कळत नाही, म्हणजे जोरात दाबून रेघ जाड होणार नाही, फार तर काच खराब होईल. तळहात टेकून नको तिथे रेघा उठत असतील तर हाताखाली पातळ सुती रुमालाची घडी ठेवावी. स्टॅबिलायझर, म्हणजे रेघेची थरथर कमी करणारी ॲपमधली सोय, मधोमध ठेवावा. अगदी वर नेला की रेघ बोटाच्या मागे रेंगाळते आणि नाकाची, कोपराची टोके गोल होऊन जातात. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: फोन चार्जिंगला लावून चित्र काढू नये. हलक्या चार्जरमधून येणाऱ्या विजेच्या गडबडीने टचस्क्रीनला बोट नेमके कुठे आहे ते कळेनासे होते आणि रेघ आपोआप थरथरते. मुलाला वाटते आपला हातच वाईट.

आता पहिला धडा. चेंडू. तो सगळीकडेच देतात, पण आकड्यांशिवाय देतात, म्हणून मुलांचा चेंडू लिफ्टसारखा खाली येतो. वरून पडणारी वस्तू सारख्या वेळात १, ३, ५, ७, ९ या प्रमाणात अंतर कापते. यांची बेरीज २५. एका भागाला २० ठिपके धरले तर पडण्याची उंची होते ५००. चेंडू १०० ठिपके व्यासाचा घ्या आणि जमिनीची रेघ वरून ६७० वर आखा. चेंडूच्या मध्याच्या जागा वरून मोजून अशा येतील: १२०, १४०, २००, ३००, ४४०, ६२०. सुरुवातीचे चित्र धरून ही सहा चित्रे. बाराच्या वेगाने पडायला ०.४२ सेकंद लागतात, म्हणजे मोठ्या माणसाच्या कमरेच्या आसपासच्या उंचीवरून सोडलेला चेंडू झाला. ॲपमधली ग्रिड २० ठिपक्यांची करून ठेवली की मोजणे सोपे जाते.

उसळी घेताना दोन जागांमधली हीच अंतरे उलटी, आणि एक टप्पा कमी: वर जाताना १४०, १००, ६०, २०, मग तसेच खाली. पुढच्या उसळीत तीन टप्पे, मग दोन, मग एक. सगळी मिळून सव्वीस चित्रे, सव्वादोन सेकंदांच्या आत-बाहेर. चेंडू पुढे सरकायला हवा असेल तर प्रत्येक चित्रात ४० ठिपके उजवीकडे घ्या. पंचवीस सरकण्यांत १,००० ठिपके होतात आणि १,२८०च्या पानात दोन्हीकडे जागा राहते. आडवे अंतर शेवटपर्यंत सारखेच ठेवायचे. तिथेही अंतर बदलणारी मुले बरीच असतात, आणि मग चेंडू वाऱ्यात सापडल्यासारखा दिसतो.

दाबणे-ताणणे याच्यानंतर. जमिनीला लागतो त्या चित्रात चेंडू १२५ रुंद आणि ८० उंच करा, म्हणजे क्षेत्रफळ तेवढेच राहते. मात्र चेंडू चपटा झाल्याने त्याचा मध्य ६२० वर न ठेवता ६३० वर न्यावा लागतो. नाहीतर तो जमिनीपासून दहा ठिपके वर तरंगतो. त्याच्या आधीच्या चित्रात उलटे, ८० रुंद आणि १२५ उंच. याला कारण आहे. शेवटच्या टप्प्यात चेंडू १८० ठिपके जातो, म्हणजे स्वतःच्या व्यासापेक्षा जास्त. दोन चित्रे एकमेकांना शिवतच नाहीत आणि डोळ्याला धक्का बसतो. ताणलेल्या आकाराने ती फट कमी होते.

हे करताना ओनियन स्किन सुरू ठेवावी. मागचे चित्र एका रंगात, पुढचे दुसऱ्या रंगात फिके दिसते. मागची एक-दोनच चित्रे दाखवा. पाच-सहा ठेवली की कांद्याच्या साली नुसत्या डोळ्यांत जातात. आणि चेंडू लासोने (भोवती रेघ ओढून निवडण्याच्या साधनाने) उचलून सरकवताना प्रत्येक वेळी पहिल्या मूळ चित्राची प्रत घ्या. प्रतीची प्रत आणि तिची पुन्हा प्रत, वर थोडे वळवणे, थोडे लहान करणे असे चालले की दहाव्या चित्रापर्यंत कडा धूसर होतात.

रंग भरताना बादली (एका टिचकीत बंद जागा रंगवणारे साधन) सांडते, म्हणजे सगळे पान लाल होते. रेघेत कुठेतरी फट असते. मोठे करून फट बुजवा, किंवा ॲपमध्ये सोय असेल तर फट ओळखण्याची मर्यादा वाढवा. रेघ आणि रंग यांच्यामध्ये पांढरी बारीक कड राहते, तिचे कारण निराळे: रेघेच्या काठाचे ठिपके अर्धवट पारदर्शक असतात आणि बादली त्यांच्या अलीकडेच थांबते. भरण एक-दोन ठिपके फुगवले की कड जाते. रंग नेहमी रेघेच्या खालच्या लेयरवर असावा हे ओघाने आलेच.

चेंडू जमल्यावर चाल. बाराच्या वेगाला बारा चित्रांत दोन पावले, म्हणजे सेकंदाला दोन, ही साधी चाल होते. पहिल्या चित्रात टाच टेकते, दुसऱ्यात अंगाचा भार येऊन डोके सर्वांत खाली जाते, चौथ्यात दुसरा पाय शेजारून पुढे निघतो, पाचव्यात डोके सर्वांत वर. सातव्यापासून हेच पाय बदलून. तेरावे चित्र काढू नका. ते पहिल्यासारखेच असते, आणि ते ठेवले की प्रत्येक फेरीला माणूस क्षणभर अडखळतो. माणूस पानावर जागीच ठेवून रस्ता मागे सरकवायचा असतो, म्हणून टेकलेला पाय दर चित्रात सारखाच मागे गेला पाहिजे, आणि मागचे दृश्यही तेवढेच. पाय ३० ठिपके आणि रस्ता २० ठिपके सरकवला तर माणूस पावसाळ्यातल्या शेवाळावर चालल्यासारखा घसरतो.

बोलणाऱ्या तोंडासाठी मराठी मुलांच्या हातात एक आयती सोय आहे, ती म्हणजे वर्णमाला. इंग्रजी तक्ते गिरवण्यापेक्षा उच्चारस्थाने पाहावीत. प-फ-ब-भ-म ला ओठ मिटतात, आ ला जबडा उघडतो, इ-ए ला ओठ फाकतात, उ-ओ ला गोल होतात, त-द-न-ल ला जीभ दातांमागे दिसते. पाच-सहा तोंडे काढून ठेवली की पुरतात. ‘बाबा आले’ हे एका सेकंदात म्हटले तर बारा चित्रांची वाटणी साधारण अशी: मिटलेले १, उघडे ३, मिटलेले १, उघडे ४, जिभेचे १, फाकलेले २. ‘बा’चा आ आणि ‘आले’चा आ जोडून येतात, तिथे तोंड मिटायचे नाही. ओठ मिटण्याचे चित्र मात्र कधीच गाळू नये. बाकी काही चुकले तरी खपते, म ला ओठ उघडे राहिलेले लगेच खटकतात. आवाज जुळवताना वायरचे इअरफोन वापरा. ब्लूटूथवर आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याने उशिरा येऊ शकतो, म्हणजे बाराच्या वेगाला एक-दोन चित्रे. त्यावरून जुळवलेले तोंड दुसऱ्याच्या फोनवर चुकलेलेच दिसणार.

चित्रात मराठी अक्षरे टाकायची असतील तर काही ॲपमध्ये जोडाक्षरे फुटतात, पहिली वेलांटी भलत्याच जागी जाते. अशा वेळी मजकूर दुसऱ्या ॲपमध्ये लिहून पारदर्शक पीएनजी म्हणून आणावा. खरे तर हातानेच लिहावा, चांगला दिसतो.

पाठवताना जीआयएफ केली तर रंग २५६ पर्यंतच राहतात. शिवाय तिच्यात वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात. बाराच्या वेगाला ८.३३ भाग हवेत, ते ८ धरले की चित्र किंचित वेगाने पळते. जीआयएफच करायची असेल तर वेग आधीपासून १० ठेवावा, हिशेब बरोबर बसतो. आवाज असेल तर एमपी४. व्हॉट्सॲपवर तो व्हिडिओ म्हणून पाठवला की दाबला जाऊन बारीक रेघा चिखल होतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. हलता स्टिकर करायचा तर ५१२ बाय ५१२ ठिपके, ५०० केबीच्या आत, दहा सेकंदांपेक्षा लांब नाही.

पालकांसाठी एक सूचना. फोनची जागा भरली म्हणून सेटिंगमध्ये जाऊन ॲपचा ‘क्लिअर डेटा’ दाबू नका. ‘क्लिअर कॅश’ने सहसा काही बिघडत नाही, पण ‘डेटा’ पुसला किंवा ॲप काढून टाकले की आत साठवलेले प्रोजेक्ट जाऊ शकतात, आणि गॅलरीतल्या व्हिडिओवरून लेयर परत मिळत नाहीत. दर रविवारी प्रोजेक्टची प्रत बाहेर काढून ठेवावी.

शेवटी आपल्याकडे एक मागणी आहे. आपल्या मुलांच्या पुरवणीत सुट्टीच्या आठवड्यांत चालीच्या बारा चित्रांचा तक्ता छापावा. मग मांजराची चाल, पक्ष्याची भरारी. बाराही चौकोन एकाच मापाचे, प्रत्येकात जमिनीची रेघ एकाच उंचीवर आणि वरच्या दोन कोपऱ्यांत फुल्या असाव्यात, म्हणजे फोटो एकावर एक बरोबर बसवता येतील. रेघा काळ्याऐवजी फिक्या राखाडी असाव्यात. मुले दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, फोन पानाला समांतर धरून फोटो काढतील, तो सर्वांत खालच्या लेयरवर तीस-चाळीस टक्के फिका करतील आणि वर आपले चित्र काढतील. कागद पातळ असल्याने मागच्या पानावरचा मजकूर फोटोत उमटतो. पानाखाली काळा कार्डशीट सरकवला की तो दिसेनासा होतो, एवढी ओळ तक्त्याखाली छापावी.

आपले विश्वासू,
चित्रकला शिकवणारे दोन वाचक,
सातारा