वरच्या दुधाचं प्रात्यक्षिक चौदाव्या आठवड्याच्या लशीबरोबरच दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी १ ते ७ ऑगस्टला स्तनपान सप्ताह येतो. दवाखान्यांत पोस्टर लागतात, वर्तमानपत्रांत लेख येतात. आईचं दूध सर्वांत चांगलं, हे त्यात लिहिलेलं शंभर टक्के खरं आहे आणि आम्हा परिचारिकांचं रोजचं कामही तेच सांगण्याचं आहे. पण नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, सिन्नरच्या एमआयडीसीत, शाळेत, बँकेत किंवा दुकानात कामावर परतायची वेळ आलेल्या आईने पुढे काय करायचं, हे तिला कुणी सांगत नाही. ती मेडिकलमधून पावडरचा डबा आणते आणि शेजारीण किंवा मोबाइल सांगेल तसं दूध कालवते. वरच्या दुधावरच्या बाळांना जुलाब, बद्धकोष्ठता होते, वजन अडतं, त्यात बनवण्याच्या चुकांचा वाटा मोठा असतो. या चुका टाळता येतात.

वरच्या दुधाबद्दल बोललं तर कायदा मोडतो, अशी भीती बऱ्याच दवाखान्यांत दिसते. १९९२चा शिशुदुग्ध पर्यायांचा कायदा, त्यातली २००३ची दुरुस्ती धरून, कंपन्यांना जाहिरात करण्यास, मोफत नमुने वाटण्यास आणि दवाखान्यांतून प्रचार करण्यास मनाई करतो. ती मनाई योग्यच आहे. पण याच कायद्यानुसार आईला किंवा घरच्यांना असं दूध कसं पाजायचं याचं प्रात्यक्षिक आरोग्य कर्मचाऱ्यानेच दाखवायचं असतं, दुसऱ्या कुणी नाही, आणि चुकीच्या वापराचे धोकेही त्यानेच समजावून सांगायचे असतात. म्हणजे हे काम कायद्याने आमच्यावरच सोपवलेलं आहे.

अंगावरचं दूध पूर्ण सोडायची खरंच गरज आहे का, हे आधी बघावं. ताप आला, जुलाब झाले, डेंग्यू झाला, प्रतिजैविकं सुरू झाली म्हणून बाळाला अंगावरून तोडलं जातं, पण यातल्या बहुतेक कारणांत पाजणं चालू ठेवता येतं. क्षयरोगावर उपचार घेणारी आईसुद्धा डॉक्टरांच्या देखरेखीखाली पाजू शकते. कर्करोगाच्या औषधांसारख्या मोजक्या बाबतींत मात्र थांबवावं लागतं. नोकरी हे पूर्ण सोडण्याचं कारण नाही. दिवसाची दोन-तीन पाजणी वरच्या दुधाची आणि पहाटे, संध्याकाळी, रात्री अंगावर, असं महिनोन् महिने चालतं. काढून ठेवलेलं दूध हा तर पावडरपेक्षा चांगलाच मार्ग. ते २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकतं, फ्रिजमध्ये आतल्या बाजूला (दारात नव्हे) चार दिवस. एप्रिल-मेच्या नाशकात मात्र ते बर्फाच्या पॅकशिवाय बाहेर ठेवायचं नाही. बाळाला देताना भांडं गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं, गॅसवर उकळायचं नाही.

पावडर द्यायचीच असेल, तर कामावर रुजू होण्याच्या किमान तीन-चार आठवडे आधी सुरुवात करावी. एकदम सगळं बंद करणं हीच सर्वांत जास्त त्रास देणारी चूक. दूध निघालं नाही की छाती भरून दगडासारखी होते, गाठी धरतात, एखादा भाग लाल होऊन दुखतो आणि थंडी वाजून ताप चढतो. म्हणून आधी दुपारचं एकच पाजणं बदलायचं. दुपारी बाळ बहुधा कमी हट्टी असतं आणि छातीही पहाटेइतकी भरलेली नसते. तीन ते पाच दिवसांनी दुसरं बदलायचं, पण लागून असलेलं नको, मध्ये एक अंगावरचं राहू द्यायचं. पहाटेचं आणि रात्रीचं सर्वांत शेवटी. छातीत शिल्लक राहिलेलं दूधच नवं दूध कमी तयार करायचा निरोप शरीराला देतं, म्हणून मधल्या काळात ठणका लागला तर हाताने आराम पडेल इतकंच काढावं, रिकामी करू नये. थंड पाण्याची पट्टी ठेवावी. छाती कापडाने घट्ट बांधू नये. त्याने दूध आटत नाही, गाठी मात्र वाढतात. स्तनाग्रांना कडुनिंब किंवा कोरफड लावून बाळाला तोडणंही नको. लाली आणि ताप दोन्ही असतील तर दूध काढणं चालू ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

बाळ बाटली तोंडात घेत नाही, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक घरात येते. आईच्या कुशीत, आईचा वास येत असताना बाळ रबर कशाला चोखेल? पहिले काही दिवस बाबांनी, आजीने किंवा आत्याने पाजावं, आईने दुसऱ्या खोलीत जावं. भुकेने टाहो फोडल्यावर प्रयत्न करायचा नाही, थोडी भूक आणि अर्धवट झोप असताना करायचा. निपल कोमट पाण्यात बुडवून घ्यावं. पहिल्या दोन-चार वेळा काढून ठेवलेलं आईचंच दूध, १५-२० मिली, पुरे. दहा मिनिटांत जमलं नाही तर थांबावं आणि पुढच्या वेळी पाहावं. नाक दाबून, हात धरून पाजलं की बाळ बाटली दिसताच रडू लागतं, आणि मग ते सोडवायला आठवडे जातात.

खरं तर बाटलीचा हट्टच नको. आपल्याकडे बोंडलं (चोच असलेली छोटी वाटी) आहे, वाटी-चमचा आहे. जागतिक आरोग्य संघटनाही बाटलीपेक्षा कपाने पाजणं सुरक्षित मानते, कारण उघडं भांडं घासून स्वच्छ होतं आणि निपलच्या खाचेत मात्र दुधाचा थर राहतो. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, बोंडल्याची चोच ओठाच्या कोपऱ्याशी टेकवायची, थोडं दूध जिभेवर येऊ द्यायचं आणि गिळल्यावरच पुढचं द्यायचं. वाटीने पाजताना कड खालच्या ओठावर ठेवून दूध ओठाला लागेल इतपतच तिरपी करायची. घशात ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला सरळ छोट्या पेल्याची सवय लावली, तर बाटली सोडवायचं कामच उरत नाही.

आता कालवण्याबद्दल, कारण सर्वाधिक चुका इथेच होतात. डब्यातली पावडर निर्जंतुक नसते. सील उघडतानाही तिच्यात क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे जंतू असू शकतात. म्हणून पाणी किमान ७० अंश गरम लागतं. थर्मामीटर नको. भांड्यात लिटरभर पाणी चांगलं उकळायचं, गॅस बंद करून झाकायचं आणि अर्ध्या तासाच्या आत वापरायचं. कपभरच उकळलं तर ते काही मिनिटांत निवतं, म्हणून लिटरभर. काही डब्यांवर कोमट पाण्यात कालवा असं छापलेलं असतं. दोन महिन्यांखालच्या, अपुऱ्या दिवसांच्या किंवा अशक्त बाळासाठी तरी तो सल्ला मानू नये, आधी डॉक्टरांशी बोलावं. रात्रीसाठी उकळतं पाणी थर्मासमध्ये काठोकाठ भरून ठेवलं तर काही तास पुरेसं गरम राहतं.

आधी पाणी मोजायचं, मग पावडर टाकायची. पावडर आधी टाकून ९० च्या खुणेपर्यंत पाणी भरलं, तर पाणी ९० मिलीपेक्षा कमी पडतं आणि दूध घट्ट होतं. ९० मिली पाण्यात तीन चमचे टाकले की दूध साधारण १०० मिली होतं, ते बरोबर आहे. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा हे माप असतं, तरी आपला डबा वाचावा, आणि चमचा त्याच डब्यातला वापरावा. दुसऱ्या कंपनीचा चमचा लहान-मोठा असतो. पावडर दाबून भरायची नाही, सुरीच्या पाठीने कडेपर्यंत सपाट करायची. मग झाकण लावून हलवायचं, बाटली वाहत्या नळाखाली धरून निववायची आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहायचं. तयार दूध दोन तासांत संपवायचं. बाळाने तोंड लावलं असेल तर तासाभरात, उरलेलं टाकून द्यायचं. ‘इतकं महाग दूध कसं टाकायचं’ म्हणून पुढच्या वेळेला ठेवलेल्या त्या उष्ट्या दुधातूनच जुलाब होतात. उघडलेला डबा कोरड्या जागी ठेवावा, फ्रिजमध्ये नाही, आणि महिन्याच्या आत संपवावा.

पैशाचा विषय स्पष्टच बोलायला हवा. सहा किलोच्या बाळाला दिवसाला किलोमागे १५० मिली धरून ९०० मिली दूध लागतं. ४०० ग्रॅमच्या डब्यात, चमचा साडेचार ग्रॅमच्या आसपास धरला, तर साधारण तीन लिटर दूध होतं. म्हणजे पूर्ण वरच्या दुधावरच्या बाळाला महिन्याला नऊ डबे. हा हिशेब आधी कुणी सांगत नाही आणि महिना संपता संपता चार चमच्यांचे तीन होतात. पातळ दुधाने बाळाचं पोट भरतं, वजन भरत नाही. फारच पातळ दुधाने रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. उलट बाळ गुटगुटीत व्हावं म्हणून एक चमचा जास्त टाकला, तर सोडियम चढतं, शी घट्ट होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. साखर, बिस्किट, भाताची पेज यातलं काहीही त्यात घालू नये. डबा परवडणार नसेल तर म्हणूनच रात्रीची-पहाटेची अंगावरची पाजणी सोडू नयेत. तेवढ्यानेही डब्यांची संख्या बरीच खाली येते. वर्षाखालच्या बाळाला डब्याऐवजी गाईचं किंवा म्हशीचं दूध हा पर्याय नाही. त्यात लोह फार कमी, प्रथिनं आणि क्षार जास्त, आणि लहान आतड्यांना ते सोसत नाही.

पाणी हा नाशिककरांचा वेगळा प्रश्न आहे. गंगापूर धरणाचं शुद्ध करून आलेलं महापालिकेचं पाणी उकळून वापरायला हरकत नाही. पण नव्या वसाहतींत बोअर आणि टँकर चालतात, आणि निफाड-दिंडोरीकडच्या वस्त्यांत विहिरी. भरपूर खतं पडणाऱ्या जमिनीखालच्या पाण्यात नायट्रेट असू शकतं. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. जास्त नायट्रेटने तान्ह्या बाळाचं रक्त प्राणवायू नीट वाहून नेत नाही, ओठ आणि नखं निळसर पडतात. बोअर-विहिरीचं पाणी तपासून घेतल्याशिवाय बाळाच्या दुधात वापरू नये. त्याऐवजी नळाचं किंवा आरओचं पाणी उकळून घ्यावं.

बाटली आयएसआय खुणेची, रुंद तोंडाची घ्यावी. प्रत्येक वेळी सगळे भाग सुटे करून साबण-ब्रशने घासावेत, निपल उलटं करून आतूनही, आणि मग पाण्यात पूर्ण बुडतील असे दहा मिनिटं उकळावेत. न घासता नुसतं उकळलं तर दुधाचा थर शिजून चिकटतो. निपल चिकट झालं किंवा चिरलं की बदलावं. बाटली उलटी धरल्यावर दूध सेकंदाला साधारण एक थेंब पडावं. धार लागली तर भोक मोठं आहे. पाजताना बाळाला तिरपं धरावं, बाटली जवळजवळ आडवी ठेवावी, मध्येच थांबून श्वास घेऊ द्यावा. पंधरा-वीस मिनिटं लागली पाहिजेत. बाटली उशीला टेकवून बाळाला एकटं सोडणं जिवावर बेतू शकतं. मान वळवली की पोट भरलं असं समजावं, उरलेले २० मिली घशाखाली ढकलू नयेत. शी घट्ट, हिरवट आणि वासाची होणारच, त्याला घाबरू नये. दिवसातून सहा-सात वेळा शू होत नसेल, शीत रक्त दिसत असेल किंवा बाळ सुस्त पडत असेल तर लगेच दाखवावं.

आता आमची मागणी. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधीच गेले, तर नंतर १८ उरतात. सरकारी वेळापत्रकात लसीकरणाच्या भेटी ६, १०, १४ आठवड्यांना आणि त्यानंतर थेट नवव्या महिन्यात. म्हणजे चौदाव्या आठवड्याची भेट ही बहुतेक नोकरदार आयांची कामावर परतण्यापूर्वीची शेवटची भेट असते. महापालिकेच्या दवाखान्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी बालरुग्णालयांत याच भेटीत ‘कामावर कधी जाणार?’ हे विचारावं. ज्या आईला वरचं दूध द्यावंच लागणार आहे, तिला आणि बाळ सांभाळणाऱ्या आजीला बाजूला नेऊन, कोणत्याही कंपनीचं नाव न घेता, उकळणं, मोजणं आणि बोंडल्याने पाजणं वीस मिनिटांत दाखवावं. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आणि बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन जादा सुट्ट्या हा त्या आईचा हक्क आहे, हेही तिथेच सांगावं. एसटी स्थानकांवर आणि कचेऱ्यांत जिथे हिरकणी कक्ष (बाळाला पाजण्यासाठीच्या खोल्या) आहेत, तिथे कुलूप नसावं, नळाला पाणी असावं आणि दूध काढायला बसता येईल अशी एक खुर्ची असावी.

आपले,
स्तनपान मार्गदर्शनाचं काम करणाऱ्या परिचारिका, नाशिक