तारीख नंतर द्या, आधी रांगेतला नंबर सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

4 मार्चला जागतिक लठ्ठपणा दिन असतो, त्या आठवड्यात सगळीकडे चालण्याचे आणि डाएटचे लेख येतात, त्यात माझ्यासारख्या बाईसाठी काहीच नसतं म्हणून लिहितेय. माझं वय 43, उंची पाच फूट, वजन 118 किलो. शुगर आहे, बीपी आहे, स्लीप अ‍ॅप्निया आहे म्हणजे झोपेत श्वास अडकतो, त्यामुळे चार वर्षं मी उशीला टेकून बसूनच झोपते. मुंबईतल्या एका सरकारी हॉस्पिटलात वजनाच्या ऑपरेशनसाठी नाव लावून एकोणीस महिने झाले. नाव लावलं तेव्हा वजन 111 होतं.

डॉक्टर चांगले आहेत हे आधी लिहिते. त्यांनी पहिल्याच दिवशी कागदावर चित्र काढून समजावलं की जठर उभं कापून बारीक करतात, त्याला स्लीव्ह म्हणतात, त्याने भुकेचं हार्मोनपण कमी होतं, आणि पुढे जन्मभर बी12, आयर्न वगैरे घ्यावं लागतं. मी तयार होते. मग सुरू झाल्या चिठ्ठ्या. टू डी इको, एंडोस्कोपी, सोनोग्राफी, थायरॉइड, स्लीप स्टडी, डाएटिशियन, मानसोपचार आणि शेवटी भूलवाल्या डॉक्टरांचा फिटनेस म्हणजे ऑपरेशन झेपेल असा दाखला, प्रत्येकाची तारीख वेगळी, बिल्डिंग वेगळी, आणि डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून केस पेपरच्या लाइनीत उभं राहायचं. मी पोळीभाजीचे डबे करते, ज्या दिवशी हॉस्पिटल त्या दिवशी डबे बंद. यातच सात महिने गेले. एकदा बीपीचा पट्टा माझ्या दंडाला पुरेना, तोच कसातरी आवळून लावला आणि बीपी जास्त आलं म्हणून फिटनेस पुढे ढकलला. मोठा पट्टा हॉस्पिटलात होता, पण दुसऱ्या वॉर्डात.

ऑपरेशनचे पैसे लागत नाहीत पण जठर कापून टाचायचा स्टेपलर आणि त्याच्या कार्ट्रिज पेशंटने आणायच्या, एका ऑपरेशनला बऱ्याच लागतात, मला कोटेशन आलं लाखाच्या पुढे. हॉस्पिटलच्या एमएसडब्ल्यू म्हणजे समाजसेविका मॅडमनी स्वतः बसून ट्रस्टचे अर्ज भरून दिले, त्यांचे उपकार विसरणार नाही. पैसे जमेपर्यंत फिटनेसची मुदत संपली, म्हणजे रक्त परत, इको परत.

शेवटी तारीख मिळाली. लिव्हर आकसावं म्हणून आधी दोन आठवडे फक्त ताक, सूप, प्रोटीन पावडर. चाळीस डब्यांच्या फोडणीच्या वासात मी ते चौदा दिवस काढले, दुसरा एक घासही तोंडात घातला नाही. अ‍ॅडमिट झाले, आणि सकाळी सांगितलं की रात्री इमर्जन्सी आल्या, आयसीयूत बेड नाही. हे मला पटतं, अ‍ॅक्सिडेंटचा माणूस थांबू शकत नाही. पण मग परत कधी, तर म्हणे फोन येईल. त्याला पाच महिने झाले. फोन मी बाथरूममध्येसुद्धा घेऊन जाते, भाच्याच्या लग्नाला गावी गेले नाही.

माझा नंबर कितवा हे मी सगळ्यांना विचारलं. नावं रेसिडेंट डॉक्टरांच्या वहीत असतात आणि दर काही महिन्यांनी डॉक्टर बदलतात. रेल्वेचं वेटिंग तिकीट काढलं तरी पीएनआर टाकून 47 वरून 31 वर आलो हे कळतं. याच मुंबईत किडनीसाठी थांबलेल्यांची यादी झेडटीसीसीकडे, म्हणजे अवयवदानाचं काम बघणाऱ्या संस्थेकडे रीतसर असते, म्हणजे ठेवता येते. आमची का नाही?

मला वाटतं कारण असं की लठ्ठपणा हा आजार आहे हेच अजून लोकांना पटलेलं नाही. तोंडावर ताबा ठेव, सुंदर दिसायला पोट कशाला कापायचं, हे मी नातेवाइकांकडून ऐकलंय आणि लाइनीतही ऐकलंय. पंतप्रधानांनी फेब्रुवारी 2025 च्या मन की बातमध्ये तेल 10 टक्के कमी करा सांगितलं ते मी केलं, चांगलीच गोष्ट आहे, पण बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा 50 च्या वर गेल्यावर तेवढ्याने भागत नाही. इन्शुरन्सवाल्यांच्या नियमातसुद्धा बीएमआय 40 असेल, किंवा 35 आणि सोबत हृदयविकार किंवा कंट्रोलमध्ये न येणारी शुगर असे आजार असतील तर ही सर्जरी धरलेली आहे. मग पॉलिसी नसलेल्या बाईचं हेच ऑपरेशन हौसेचं कसं होतं?

आरोग्य खात्यातलं कोणी वाचत असेल तर विनंती आहे की यादी कॉम्प्युटरवर घ्या, प्रत्येकाला नंबर द्या आणि तो पुढे सरकला की मेसेज करा. स्टेपलर हॉस्पिटलच्या खरेदीत घ्या. आणि तारीख हॉस्पिटलकडून रद्द झाली तर त्या पेशंटला परत शेवटी टाकू नका, आणि सगळ्या तपासण्या पुन्हा पहिल्यापासून लावू नका.

येत्या गुरुवारी ओपीडी आहे. फिटनेसची मुदत संपायला अजून अठरा दिवस आहेत, त्याच्या आत काही होतं का ते विचारायला फाइल घेऊन परत जाणार आहे.

आपली,
एक वाचक, डोंबिवली पूर्व