आजीव सभासदांचे मत आणि विश्वस्तांचे काम

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ठाणे महापालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी पार पडली. मार्च २०२२ पासून पालिकेवर प्रशासक होते, त्यामुळे मतदानाची सवय मोडलेल्या आमच्या नौपाड्यातल्या ज्येष्ठांची चार-चार बटणे दाबताना थोडी तारांबळ उडाली, पण मंडळी आली होती आणि रांगेत शिस्तीने उभीही होती. त्या रांगेत माझ्या मागेपुढे उभे असलेल्यांपैकी चौघे जण शहरातल्या एका जुन्या मराठी शिक्षण संस्थेचे आजीव सभासद आहेत आणि पाचवा मी. त्या संस्थेच्या नियामक मंडळाची त्रैवार्षिक निवडणूक याच वर्षी आहे, हे आम्हा पाचांपैकी एकालाच ठाऊक होते, आणि तो एक जण मी नव्हतो.

या निवडणुकीबद्दल चार शब्द लिहावेत असे तेव्हापासून मनात आहे. अनुदानित शाळेत शिक्षकांचे पगार सरकार देते, भरती सरकारच्याच ‘पवित्र’ या ऑनलाइन पोर्टलमार्फत होते, मुख्याध्यापक सेवाज्येष्ठतेने ठरतो, मग संस्थाचालकांच्या हाती उरते काय, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. बक्षीस समारंभाला व्यासपीठावर बसणे आणि स्मरणिकेत छायाचित्र छापून आणणे एवढेच विश्वस्तांचे काम, अशी माझीही कित्येक वर्षे समजूत होती. प्रत्यक्षात शाळेची जमीन, इमारत, मैदान आणि ठेवी या सर्व त्यांच्या ताब्यात असतात. काही संस्थांत विश्वस्त वेगळे आणि कार्यकारी मंडळ वेगळे असते, काहींत दोन्ही एकच असतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र ज्यांच्या हाती मालमत्ता आणि कारभार, त्यांच्यावरच विश्वस्ताची जबाबदारी येते. वर्षाअखेरचे हिशेब लेखापरीक्षकाकडून तपासून धर्मादाय कार्यालयात सादर करणे, मंडळात बदल झाला की ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट दाखल करणे, विनाअनुदानित तुकड्यांची फी सुचवणे, पटसंख्या घटलेल्या मराठी माध्यमाच्या तुकडीसाठी धडपडायचे की त्या खोल्या दुसऱ्या कशाला द्यायच्या हे ठरवणे, गळक्या छताला पैसा कुठून आणायचा ते पाहणे, ही सारी कामे या मंडळाची आहेत.

त्यातही जमिनीचा मुद्दा ठाण्यात विशेष नाजूक आहे. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर असलेले शाळेचे मैदान म्हणजे आज काय चीज आहे, हे नौपाड्यात किंवा चरईत राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता विकायची, बदलून घ्यायची, बक्षीस द्यायची, अथवा इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ही तरतूद चांगलीच आहे. परंतु परवानगी मागायची की नाही, कोणत्या विकासकाचा प्रस्ताव पुढे न्यायचा आणि मैदानाचा किती भाग वाचवायचा, हे आयुक्तांच्या टेबलावर कागद जाण्याआधीच मंडळाच्या ठरावात ठरलेले असते. तो ठराव करणारी माणसे आपण निवडतो, किंवा निवडायला जात नाही.

हे मत किती थोड्यांच्या हाती आहे तेही पाहावे. आज ज्यांची मुले त्या वर्गांत बसतात, त्या पालकांना संस्थेच्या निवडणुकीत मत नसते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित शाळांत या समितीचे काम केवळ सल्ला देण्याचे राहिले आहे आणि खासगी विनाअनुदानित शाळांना हे कलम लागूच होत नाही. फीविषयक कायद्याखालच्या पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती तर मतदानाने नव्हे, सोडतीने ठरते. म्हणजे निर्णय बदलू शकेल असे मत उरते ते आम्हा सभासदांचे, आणि आमची नातवंडे जातात कुठे, तर घोडबंदर रस्त्यावरच्या सीबीएसईच्या शाळांत. माझी नातही तिथेच जाते, त्यामुळे यात मी दुसऱ्या कोणाला नावे ठेवत नाही. ज्या शाळेची घंटा आता आमच्या घरातल्या कुणासाठीही वाजत नाही, तिच्या मैदानाचे भवितव्य आमच्या हातात आहे आणि आम्ही दुपारची झोप मोडत नाही, एवढेच मी नोंदवतो.

गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेला मी बऱ्याच वर्षांनी गेलो होतो. दुपारी चारची वेळ होती. सभागृहात शंभर-सव्वाशे खुर्च्या मांडल्या होत्या आणि आलेली माणसे मी मोजली ती अठरा, त्यांत पाच जण मंडळाचेच. सचिवांनी गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब झाल्याचे जाहीर केले, चिवड्याची पाकिटे आणि चहा फिरला आणि साडेचार वाजता त्याच जागी, त्याच अठरा जणांत ‘तहकूब सभेस गणसंख्येची आवश्यकता नाही’ असे वाचून सभा पुन्हा सुरू झाली. मागील इतिवृत्त वाचले असे समजून कायम झाले, ताळेबंद वाचला असे समजून मंजूर झाला आणि ‘आयत्या वेळचे विषय’ यापुढे आयत्या वेळी कोणीच काही बोलले नाही. एका वयस्कर बाईंनी तेवढे मुलींच्या स्वच्छतागृहाच्या नळाला पाणी का येत नाही असे विचारले, तेव्हा ‘लेखी द्या’ असे उत्तर मिळाले. सगळे संस्थेच्या घटनेला धरूनच झाले, हे मी मुद्दाम लिहितो. अठरा माणसांत नियमानुसार एवढेच होऊ शकते.

कोणी म्हणेल, हे आपल्याकडचेच. तसे नाही. माझा पुतण्या कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात राहतो. तिथे शाळा मंडळाचे विश्वस्त दर चार वर्षांनी नगरपालिकेच्या निवडणुकीबरोबरच निवडले जातात आणि घरात शाळकरी मूल असो वा नसो, पात्र रहिवाशाला मत असते. अंदाजपत्रक मंजूर करणे, शिक्षण संचालक नेमणे आणि मंडळाचे धोरण आखणे ही त्या विश्वस्तांची कामे. एखाद्या वर्गाच्या रोजच्या कारभारात त्यांनी लुडबुड करायची नसते. तरीही महापौराला मत देण्यापुरता उत्साह असलेला मतदार विश्वस्तांच्या नावांपर्यंत येईस्तोवर कंटाळलेला असतो, असे पुतण्या सांगतो. तिथल्या प्रांतिक सरकारने २०२५ च्या जूनमध्ये टोरोंटो आणि ओटावासह चार मंडळांचा कारभार आर्थिक कारणे देऊन स्वतःच्या पर्यवेक्षकांकडे घेतला, तेव्हा कुठे लोक आपला विश्वस्त कोण म्हणून विचारू लागले.

आपल्याकडची खरी गोम मात्र मतदारयादीत आहे. मागच्या निवडणुकीच्या वेळी कार्यालयात जाऊन मी ती यादी पाहिली. माझ्या नावापुढे ज्या चाळीचा पत्ता होता, ती पाडून तिथे सात मजली इमारत उभी राहिल्याला बरीच वर्षे झाली आहेत, त्यामुळे नोटिसा मला का मिळत नाहीत याचा उलगडा झाला. दोन ओळी वर माझ्या दिवंगत वर्गमित्राचे नाव होते. सहीचा रकाना रिकामा होता, याचेच त्या क्षणी बरे वाटले. वार्षिक वर्गणी भरणाऱ्या साधारण सभासदांची गत आणखी वेगळी आहे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली आहे, त्याला मतही देता येत नाही आणि त्याची सभासदांत गणनाही होत नाही. वर्गणी मागायला घरी कोणी येत नाही, सभासद विसरतो, आणि निवडणुकीच्या तोंडावर ज्यांना वेळेत आठवण करून दिली जाते तेवढ्यांच्याच पावत्या फाडलेल्या असतात. आठवण कोणाला करून द्यायची हे ज्याच्या हाती पावतीपुस्तक आहे तो ठरवतो. यात बेकायदा काही नाही, आणि म्हणूनच तक्रार करायलाही जागा राहत नाही.

आमच्याच नव्हे, तर शहरातल्या सर्वच शिक्षण संस्थांच्या मंडळांना माझी विनंती आहे की निवडणुकीची तारीख जाहीर करण्याआधी निदान महिनाभर सभासदांची यादी शाळेच्या दर्शनी फलकावर लावावी, दिवंगतांची नावे कमी करावीत आणि थकबाकीदारांना लेखी कळवावे. डोंबिवली-बदलापूरला किंवा थेट पुण्याला राहायला गेलेल्या सभासदांसाठी संस्थेच्या घटनेत टपाली मतदानाची सोय असेल तर ती वापरावी, नसेल तर घटनादुरुस्तीचा विषय पुढच्या सभेपुढे ठेवावा. उमेदवारांनीही पॅनेलच्या रंगीत पत्रकावर ‘संस्थेचा सर्वांगीण विकास’ छापण्यापेक्षा मैदानाबाबत, मराठी तुकड्यांबाबत आणि ठेवींबाबत आपले मत काय आहे, ते अर्ध्या पानात लिहून द्यावे. एवढे वाचूनही ज्याला जुन्याच मंडळाला मत द्यायचे असेल त्याने खुशाल द्यावे. अनेक ठिकाणी तीच माणसे पदरमोड करून शाळा चालवत आली आहेत, हेही मी जाणतो.

माझ्यापुरते सांगायचे तर कपाटातल्या जुन्या डब्यातून १९८७ सालची पाचशे एक रुपयांची आजीव सभासदत्वाची पावती मी शोधून काढली. मागच्या आठवड्यात पत्ताबदलाचा अर्ज तिच्या छायाप्रतीसह संस्थेच्या कार्यालयात दिला आणि शिक्का मारलेली पोच घेतली. रांगेतल्या उरलेल्या चौघांपैकी तिघांनी आपापले अर्ज दिले आहेत. चौथ्यांना त्यांची पावती अजून सापडलेली नाही.

आपला,
एक आजीव सभासद,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)