दर दहा मिनिटांनी मिटणारी आयकॉनपट्टी

प्रति,
प्रमुख, ग्राहक साहाय्य विभाग

विषय: डेस्कटॉपच्या आयकॉनपट्टीतील दोष, चौथी तक्रार

महोदय,

तुमची डेस्कटॉप प्रणाली मी पैसे भरून, वर्षभराच्या साहाय्य करारासह घेतली आहे. तिच्या खालच्या आयकॉनपट्टीबद्दल मी आजवर तीनदा तक्रार नोंदवली. तिन्ही वेळा दोन दिवसांत ‘समस्या सोडवली आहे’ असा संदेश आला आणि तक्रार बंद झाली. समस्या सुटलेली नाही. उलट, तिसऱ्या वेळी तुम्ही जो इलाज केलात त्यातून नवं दुखणं निघालं, म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहिते आहे.

माझं काम पुस्तकांची पानं लावण्याचं. दिवसभर सहा-सात खिडक्या उघड्या असतात आणि त्या पट्टीवरून हात सतत फिरत असतो. मूळ तक्रार एवढीच होती की संध्याकाळपर्यंत पट्टी जड होते, क्लिक केल्यावर खिडकी पुढे यायला दोन-तीन सेकंद लागतात. त्यावर तुमचं अपडेट आलं. जडपणा गेला खरा, पण पट्टी मध्येच क्षणभर नाहीशी होऊन परत यायला लागली. आधी वाटलं, डोळ्यांचा भास असेल. मग घड्याळाकडे लक्ष गेलं: दहा वाजून दहा, दहा वीस, दहा तीस. चालू असलेल्या टायमरांची यादी काढून पाहिली, तर तुमच्या अपडेटनेच एक टायमर बसवला होता. दर दहा मिनिटांनी पट्टीची प्रोसेस मारायची आणि नव्याने सुरू करायची, एवढंच त्याचं काम. याला तुम्ही दुरुस्ती म्हणता?

यात फक्त डोळ्यांना त्रास झाला असता तर मी सोसलं असतं. पट्टीच्या उजव्या टोकाला जे छोटे आयकॉन असतात, ते त्या-त्या प्रोग्रॅमने पट्टीकडे नोंदवलेले असतात. पट्टी मेली की ती नोंदही जाते. नवी पट्टी उभी राहिली की शहाणे प्रोग्रॅम पुन्हा नोंद करतात, बाकीचे करत नाहीत. माझा बॅकअपचा प्रोग्रॅम दुसऱ्या जातीतला आहे. बॅकअप अडलं की त्याचा हिरवा आयकॉन लाल होतो, आणि माझ्याकडे तो आयकॉनच नव्हता. चार दिवस बॅकअप बंद पडलं होतं, मला पत्ता नाही. पाचव्या दिवशी सहज म्हणून फोल्डर उघडलं तेव्हा कळलं. डिस्क शाबूत होती म्हणून हे पत्र इतक्या शांतपणे लिहिते आहे.

तो टायमर मी बंद केला. अर्थातच पहिले पाढे पंचावन्न, पट्टी पुन्हा जड. मग म्हटलं, आपणच शोधू. आयकॉनवर माउस नेला की त्या खिडकीचं छोटं चित्र वर दिसतं ना, तिथे मला शंका आली. पट्टी नुकतीच सुरू केलेली होती, तेव्हा ती 140 एमबी मेमरी घेत होती. एकाच आयकॉनवर शंभर वेळा माउस नेला-आणला. आकडा 410 वर गेला. मग अर्धा तास काहीच हात लावला नाही, तरी तो खाली आला नाही. म्हणजे प्रत्येक वेळी नवं चित्र बनतं आणि जुनं टाकून दिलं जात नाही, असं दिसतं. आत नेमकं काय चुकतं ते तुमच्या लोकांनी पाहायचं. पण आग इथे लागली आहे आणि बंब भलतीकडे उभा आहे, एवढं मलाही समजतं.

दुसरा दोष पहिल्या तक्रारीपासून तसाच आहे. पानं लावण्याचा प्रोग्रॅम मी पट्टीवर पिन केला आहे. तो उघडला की पिन केलेल्या आयकॉनखाली खूण यायला हवी. त्याऐवजी पट्टीच्या शेवटी दुसराच एक बिनचेहऱ्याचा आयकॉन उगवतो. याचं कारण साधं आहे. उघडलेली खिडकी स्वतःचं एक नाव सांगते आणि पट्टी ते नाव प्रोग्रॅमच्या ‘डॉट डेस्कटॉप’ फाइलशी, म्हणजे प्रोग्रॅमचं नाव, आयकॉन आणि जागा लिहिलेल्या छोट्या फाइलशी, जुळवून पाहते. तुम्ही दिलेल्या फाइलचं नाव सगळं लहान लिपीत आहे, खिडकी मात्र पहिलं अक्षर मोठं सांगते. त्या फाइलीत ‘स्टार्टअप-डब्ल्यूएम-क्लास’ ही, खिडकी कोणतं नाव सांगेल ते लिहिणारी, एक ओळ घातली की जुळतं. मी फाइलची नक्कल होम फोल्डरमध्ये घेऊन ती ओळ घातली आणि दुसरा आयकॉन नाहीसा झाला. पण पुढच्या अपडेटमध्ये तुम्ही प्रोग्रॅमची जागा बदललीत. माझी नक्कल जुन्याच जागेकडे बोट दाखवत राहिली, आणि पट्टी तर माझ्याच फाइलीला आधी मान देते. परिणाम: आयकॉन दाबला की काहीच होईना, चूक झाल्याचा संदेशसुद्धा नाही. एका ओळीची गोष्ट आहे हो. ती तुमच्या फाइलीत घातलीत तर मला नक्कल ठेवावीच लागणार नाही.

तिसरं किरकोळ आहे. बाहेरचा मॉनिटर काढला की पट्टी लॅपटॉपच्या पडद्यावर येते, पण वरच्या कडेला 48 पिक्सेलची रिकामी जागा राखीव राहते आणि खिडक्या तिथवर जात नाहीत. लॉग-आउट केल्यावर ती जागा मोकळी होते.

शंभर वेळा माउस फिरवण्याआधीचे आणि नंतरचे मेमरीचे आकडे, दोन आयकॉन एकत्र दिसणारा स्क्रीनशॉट आणि दुरुस्त केलेली फाइल या पत्रासोबत जोडली आहे. मला हवं आहे ते असं: तो टायमर पुढच्या अपडेटमध्ये काढून टाका, चित्रांमुळे वाढणाऱ्या मेमरीवर खरा इलाज करा आणि ती ओळ फाइलीत घाला. कोणत्या अपडेटमध्ये काय येणार हे पंधरा दिवसांत लेखी कळवा. ते जमणार नसेल तर साहाय्य कराराच्या उरलेल्या मुदतीचे पैसे परत करा.

तोवर ही तक्रार उघडीच ठेवा आणि मला विचारल्याशिवाय बंद करू नका. ‘एकदा रीस्टार्ट करून पाहा’ असं उत्तर तेवढं पाठवू नका. ते काम तुमचा टायमर दिवसातून एकशे चव्वेचाळीस वेळा करत होताच.

आपली,
एक ग्राहक