लागू नाही, निरंक आणि वाचता न येणारी सही : मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य निवडणूक अधिकारी,
महाराष्ट्र राज्य.

स. न. वि. वि.

आचारसंहिता लागू नसताना हे पत्र मुद्दाम लिहीत आहोत. एकदा ती लागली की आपल्या कार्यालयाला मान वर करायला सवड नसते, आणि तेव्हा आलेली प्रत्येक सूचना 'पुढच्या वेळी बघू' या फायलीत जाते. मागच्या विधानसभेचा कार्यक्रम १५ ऑक्टोबर २०२४ ला जाहीर झाला, माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि २० नोव्हेंबरला मतदान झाले. जागा २८८, उमेदवार चार हजारांवर. आपल्यापुढे नेमके कोण उभे आहे हे पक्के झाल्यापासून बटण दाबेपर्यंत मतदाराला मिळाले सोळा दिवस. या सोळा दिवसांत त्याच्या हाती काय पडते आणि कोणत्या अवस्थेत पडते, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

आम्ही उदारमतवादी विचाराचे मतदार आहोत, हे आधीच सांगून टाकतो. उमेदवार विरोधकाच्या बोलण्याच्या हक्काचे काय करतो, धर्म आणि जातीवरून माणसांत भिंती घालतो का, आणि सार्वजनिक पैशाशी त्याचा खाजगी संबंध कुठे जुळतो, हे आम्ही आधी बघतो. दुसऱ्या कुणाचा तराजू वेगळा असेल, असावाही. पण पारड्यात टाकायचा माल सगळ्यांचा एकच आहे, आणि त्याचे कोठार आपल्या ताब्यात आहे.

पहिला माल म्हणजे नमुना २६, अर्थात उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र. २००२ आणि २००३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी तो मतदाराचा हक्क ठरला. २०१८ च्या निकालाने उत्पन्नाचे स्रोत सांगणे आले, आणि २०१९ पासून उमेदवार, जोडीदार, अविभक्त हिंदू कुटुंब व अवलंबित यांच्या पाच वर्षांच्या आयकर विवरणांतले उत्पन्न त्यात आले. कागदावर ही व्यवस्था उत्तम आहे. घोटाळा कागदाचाच आहे. आयोगाच्या संकेतस्थळावर प्रतिज्ञापत्र मिळते ते स्कॅन केलेल्या चित्रांच्या स्वरूपात. त्यात शब्द शोधता येत नाही, आकडा उचलून बेरीज करता येत नाही. हस्ताक्षरात भरलेले असेल तर गट नंबरातला ३ आहे की ८, यावर घरात दोन मते पडतात. दृष्टिहीन मतदाराच्या फोनमधले वाचक सॉफ्टवेअर अशा पानावर मुकेच राहते.

यावरचा उपाय आपल्याच घरात आहे. आयोगाच्याच 'सुविधा' पोर्टलवर उमेदवाराला अर्ज आणि प्रतिज्ञापत्र ऑनलाइन भरता येते. भरून, छापून, शपथ घेऊन, सही करून ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायचे असते. म्हणजे तो मजकूर एकदा टंकलेला असतोच. मग लोकांपुढे त्याचे चित्रच का? सही केलेली प्रत कायदेशीर पुरावा म्हणून राहू द्या, शेजारी टंकलेला मजकूर द्या. जो उमेदवार हाताने भरेल, त्याच्या निदान भाग 'ख' मधल्या गोषवाऱ्याची नोंद कार्यालयातच करून घ्या. गोषवारा छोटा असतो. एका मतदारसंघात सरासरी पंधरा उमेदवार धरले, तर दोन माणसांचे एका दिवसाचे काम आहे.

आता गुन्ह्यांचा रकाना. इथे आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे, आणि कदाचित ते अनेकांना आवडणार नाही. २०२४ च्या निकालानंतर असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सने तपासलेल्या २८६ विजयी उमेदवारांपैकी १८७ जणांनी, म्हणजे ६५ टक्क्यांनी, स्वतःवर फौजदारी खटले असल्याचे लिहिले होते. आकडा धक्कादायक आहे, पण नुसता आकडा मोजून माणूस तोलणे आम्हाला मान्य नाही. या राज्यात पाणी, ऊसदर किंवा विस्थापनाच्या प्रश्नावर रस्त्यावर बसणाऱ्याच्या नावावर चार-दोन गुन्हे सहज चढतात. भारतीय दंड संहितेची १४३, १८८, ३४१ ही कलमे आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे १३५ असा संच दिसला, तर तो बहुधा जमावबंदी मोडल्याचा किंवा रास्ता रोकोचा असतो. ३०७ (खुनाचा प्रयत्न), ३५४ (विनयभंग), ४०९ (विश्वासघाताने अपहार), ४२० (फसवणूक) किंवा १५३-अ (द्वेष पसरवणे) हे वेगळ्या जातीचे प्रकरण. दोघांनाही 'गुन्हा दाखल' या एकाच गोणीत कोंबले की नुकसान आंदोलकाचे होते आणि फायदा खऱ्या गुंडाचा. 'सगळ्यांवरच असतात हो' हे वाक्य त्याला आयतेच मिळते.

त्यात १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुने गुन्हे जुन्या क्रमांकांनी, नवे नव्या क्रमांकांनी. एकाच उमेदवाराच्या तक्त्यात ३०७ आणि १०९ शेजारीशेजारी असतील, आणि दोन्ही खुनाच्या प्रयत्नाची कलमे आहेत हे मतदाराला कळायला मार्ग नाही. ४२० ची फसवणूक आता ३१८(४) आहे, १५३-अ चे द्वेष पसरवणे १९६ आहे, आणि सरकारी आदेश मोडल्याचे बिचारे १८८ आता २२३ झाले आहे. जुन्या आणि नव्या क्रमांकांचा, प्रत्येकापुढे चार साध्या मराठी शब्दांचा तक्ता आपण एकदाच करून द्या. तो प्रत्येक प्रतिज्ञापत्राच्या पानावर चिकटवता येईल.

नमुना २६ च्या परिच्छेद ५ मध्ये प्राथमिक माहिती अहवालाचा क्रमांक आणि पोलीस ठाणे, खटल्याचा क्रमांक आणि न्यायालय, कलमे, गुन्ह्याचे थोडक्यात वर्णन, आरोप निश्चित झाले का आणि झाले असल्यास कधी, हे सगळे मागितले आहे. आमच्या लेखी यातले शेवटचे सर्वात मोलाचे. आरोपनिश्चिती म्हणजे न्यायाधीशाने कागद बघून 'खटला चालवण्याजोगा आहे' असे म्हटलेले असते. तोवर ती फक्त पोलिसांची बाजू. आरोपी दोषी ठरेपर्यंत निर्दोष, हे तत्त्व उदारमतवाद्याने विरोधी उमेदवारालाही लागू केले पाहिजे. आरोपनिश्चितीचा रकाना त्यासाठीच बघायचा. पण वर्णनाच्या जागी पुन्हा कलमेच लिहिली जातात, किंवा 'राजकीय आंदोलन' एवढेच. २०१३ च्या रिसर्जन्स इंडिया निकालाने रकाना कोरा सोडता येत नाही हे ठरवले आहे. अधिकाऱ्याने स्मरण दिल्यावरही उमेदवाराने तो भरला नाही, तर अर्ज बाद होऊ शकतो. वर्णनाच्या जागी वर्णन नसणे हा रकाना कोराच समजावा, एवढी एक ओळ निर्णय अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात आणि तपासणी सूचीत घाला. नवा कायदा लागत नाही.

मालमत्तेच्या बाबतीत वर्तमानपत्रे एकच खेळ खेळतात : पाच वर्षांत संपत्ती इतक्या पट. एकूण आकडा फसवा असतो. वडिलोपार्जित जमिनीचा बाजारभाव वाढला की उमेदवाराने काही न करता आकडा फुगतो. खरे बघायचे असते ते ओळीओळीने : मागच्या वेळी नसलेला भूखंड या वेळी आला का, खरेदीची तारीख आणि किंमत काय, आणि त्या वर्षांच्या आयकर विवरणातले उत्पन्न त्या खरेदीला पुरते का. न पुरल्यास कर्जाच्या रकान्यात त्याचे उत्तर आहे का. ही तुलना करायला मागचे आणि आताचे प्रतिज्ञापत्र एकाच पानावर उघडायला हवे. आज ती दोन वेगवेगळ्या निवडणुकांच्या कप्प्यांतून शोधावी लागतात.

पत्नीकडे किती तोळे सोने आहे, यात आम्हाला रस नाही. प्रत्येक जंगम वस्तू जाहीर करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये म्हटले ते योग्यच आहे. उमेदवारालाही खाजगीपण असते. आम्हाला रस आहे तो परिच्छेद ९-ख मध्ये. शासनाशी आणि सरकारी कंपन्यांशी असलेली कंत्राटे तिथे लिहायची असतात. उमेदवाराची, जोडीदाराची, अवलंबितांची, शिवाय त्यांचा हितसंबंध असलेल्या न्यासांची, भागीदारी संस्थांची आणि खाजगी कंपन्यांची. प्रतिज्ञापत्रातला सर्वात धारदार परिच्छेद हाच, आणि 'लागू नाही' लिहून त्याच्यावरून सर्वात सहज उडी मारता येते तीही इथेच. निर्णय अधिकारी रकाना भरला आहे का एवढेच बघतो, खरे-खोटे तपासणे त्याचे काम नाही.

त्यातही महाराष्ट्राचे दुखणे वेगळे. इथली सत्ता सातबाऱ्यापेक्षा संस्थांत राहते : साखर कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक, शिक्षणसंस्था. या संस्था उमेदवाराच्या मालकीच्या नसतात, त्यामुळे मालमत्तेच्या तक्त्यात त्या येत नाहीत. सज्ञान, कमावता मुलगा अवलंबित नसतो, म्हणून तोही येत नाही. नमुना बदलणे आपल्या हाती नाही, ते केंद्राचे नियम आहेत. पण उमेदवार कोणत्या सहकारी संस्थांत आणि सार्वजनिक न्यासांत पदाधिकारी आहे याचा रकाना असावा, अशी शिफारस आपण आयोगाकडे करू शकता. सहकार आयुक्त आणि धर्मादाय आयुक्त यांच्याकडे ही नावे आजही आहेत.

प्रतिज्ञापत्र खोटे वाटले तर काय करावे, हेही लोकांना सांगितलेले नसते. कोणीही नागरिक शपथेवर प्रति-प्रतिज्ञापत्र देऊ शकतो आणि तेही लोकांसाठी लावावे लागते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली खोट्या माहितीला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आपल्या मतदार जागृतीच्या फलकांवर मेंदी आणि रांगोळी पुष्कळ असते. त्यात ही दोन वाक्ये बसतील.

गुन्ह्यांच्या जाहिरातींबद्दल थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्याच दुसऱ्या एका निकालानंतर उमेदवाराने आणि पक्षाने उमेदवारावरच्या खटल्यांची माहिती देणाऱ्या जाहिराती माघारीनंतर तीन वेळा द्यायच्या असतात. मागच्या वेळच्या तारखांनी ५ ते ८, ९ ते १२ आणि १३ ते १८ नोव्हेंबर. नियम पाळला जातो, पण कुठल्या वर्तमानपत्राच्या कोणत्या कोपऱ्यात, हे मतदारसंघातल्या माणसाला कळत नाही. फेब्रुवारी २०२० पासून पक्षाला 'स्वच्छ माणूस का मिळाला नाही' याचे कारणही उमेदवार निवडल्यापासून ४८ तासांत सी-७ नमुन्यात द्यावे लागते. 'निवडून येण्याची क्षमता' हे कारण न्यायालयाने चालवून घेतलेले नाही. मग 'लोकप्रिय समाजसेवक' असे लिहिले जाते. सगळ्या पक्षांची सी-७ कारणे मतदारसंघवार एका पानावर आणा. तेच वाक्य दहा उमेदवारांपुढे दिसू लागले की पक्षांनाच ओशाळवाणे होईल.

जाहीरनाम्यांकडे वळतो. आदर्श आचारसंहितेच्या आठव्या भागात म्हटले आहे की आश्वासनामागचा तर्क आणि पैसा कुठून आणणार हे पक्षाने दाखवावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्याच दुसऱ्या एका निकालातून आलेली ही तरतूद कागदावरच राहिली. २०२४ ला महायुतीने लाडक्या बहिणींना १,५०० चे २,१०० रुपये देऊ म्हटले, महाविकास आघाडीने ३,००० म्हटले. भाजपचे संकल्पपत्र आणि आघाडीचा जाहीरनामा दोन्ही १० नोव्हेंबरला, मतदानाच्या दहा दिवस आधी आले. हिशेब साधा आहे. दर एक कोटी लाभार्थींमागे १,५०० रुपयांना वर्षाला १८,००० कोटी, २,१०० ला २५,२००, ३,००० ला ३६,००० कोटी. आता यात लाभार्थी दोन कोटींहून अधिक धरा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या योजनेला तरतूद झाली ३६,००० कोटींची. वाढीव रक्कम यात बसत नाही हे दुसरीचा गुणाकार येणाऱ्यालाही दिसते.

गरीब बाईच्या हाती थेट पैसा जाण्याला आमचा विरोध नाही. तो पैसा ती कशावर खर्च करते हे सरकारने तिला विचारू नये, असेच आम्ही म्हणू. प्रश्न एवढाच, की तो कशातून काढला जाणार. आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये खर्चाच्या तपशिलाचा नमुना सुचवला होता. तो सक्तीचा होईपर्यंत आपण पक्षांना तीन ओळी मागा : किती लाभार्थी, दरडोई किती, कोणत्या खात्यातून. जो पक्ष देणार नाही, त्याच्यापुढची जागा रिकामी छापा.

द्वेषाच्या भाषणांबाबत 'सी-व्हिजिल' ॲपमधली एक अडचण आपल्याला ठाऊक असेलच. आचारसंहिता भंगाच्या तक्रारींवर शंभर मिनिटांत कारवाईचे ते ॲप दारू, पैसा आणि फलक यांना चांगले चालते. पण चित्रण त्याच जागी, त्याच ॲपमधून करावे लागते. फोनमध्ये आधी असलेली ध्वनिचित्रफीत चढवता येत नाही. खोट्या तक्रारी टाळायला ते ठीक. मात्र विष पेरणारे भाषण लोकांना कळते ते दुसऱ्या दिवशी, फोनवर फिरत आलेल्या तुकड्यातून. धर्माच्या नावावर मते मागणे आणि द्वेष पसरवणे यांना भ्रष्ट आचार ठरवणाऱ्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) आणि (३-अ) खाली याच राज्यात विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक रद्द झाली, पण त्यावर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उमटायला १९९५ साल उजाडले. मोठ्या सभांचे चित्रण आपली पथके करतातच. कोणत्या सभेबद्दल तक्रार आली, नोटीस गेली का, उत्तर काय आले, याची रोजची यादी लावा. निवाडा नको, नोंद हवी.

एक गोष्ट आपल्या अखत्यारीबाहेरची, तरी सांगतो. विद्यमान आमदाराला तोलायला त्याचे सभागृहातले मत हवे. जुलै २०२५ मध्ये, संघटनांना बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारला देणारे विशेष जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झाले. नागरी स्वातंत्र्याची चाड असलेल्या मतदाराला पाच वर्षांतले कोणते एक मत बघायचे असेल तर हेच, आणि आवाजी मतदानात नावे नोंदली जात नाहीत. ते पत्र आम्ही विधानसभा अध्यक्षांना वेगळे लिहू.

आपल्याकडे मागणे असे, की २०२९ ची वाट न पाहता पुढच्या पहिल्या पोटनिवडणुकीत एका मतदारसंघात हे करून बघावे. टंकलेली प्रतिज्ञापत्रे, कलमांचा मराठी तक्ता, मागचे-आताचे शेजारीशेजारी, आणि घरोघरी जाणाऱ्या मतदार माहिती चिठ्ठीवर त्या पानाचा क्यूआर कोड. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी गोषवारा ग्रामपंचायतीच्या आणि रेशन दुकानाच्या भिंतीवर, माघारीनंतर तीन दिवसांत. अक्षर मोठे असावे आणि कागद पावसात टिकणारा.

कळावे,
आपले,
काही मतदार