शॉर्टसर्किट कोणी केले, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की आपल्या दैनिकात दोन बातम्या ठरलेल्या. पहिली चौकटीत: कृषी विद्यापीठात नोंदलेलं परभणीचं किमान तापमान. दुसरी आतल्या पानावर, चार ओळींची: धावत्या कारने पेट घेतला, सुदैवाने जीवितहानी नाही, शॉर्टसर्किट झाल्याचा प्राथमिक अंदाज. या दोन बातम्यांचं कधी कधी नातं असतं, ते सांगण्यासाठी हे पत्र.

मी वसमत रोडला तेहतीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतो. गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त गुरुजी आपली १९९८ ची मारुती ८०० ओढून घेऊन आले. दर सोमवारी पहाटे ते औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जातात. कंबरेची गादी सरकलेली, म्हणून पुण्याच्या मुलाने सीट गरम करायचे पॅड ऑनलाइन मागवून दिले. परभणीत सीट हीटर म्हटल्यावर मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. मे महिन्यात आमच्याकडे गाडीचं स्टिअरिंग फडक्याने धरावं लागतं. पण जानेवारीत पहाटे पाचला थंडगार रेक्झिनवर दुखरी कंबर टेकवून बघा, मग हसा.

ते पॅड आदल्या वर्षी एका दुकानात अर्ध्या तासात बसवलेले. झिरो फाट्याच्या अलीकडे डॅशबोर्डाखालून धूर निघाला. गुरुजी म्हणाले, "आधी वास यायला होता, मला वाटलं बाहेर कोणी धसकटं जाळायलंय." त्यांनी गाडी थांबवून बॅटरीचं टर्मिनल हाताने उपटलं, म्हणून गाडी वाचली. नाहीतर आपल्या पानावर चार ओळी नक्की होत्या.

डॅशबोर्ड उघडला तर सगळं लिहून ठेवल्यासारखं दिसलं. दोन्ही सीटची वायर डेकच्या वायरीला पिळून जोडलेली, वर काळा टेप. एका सीटचे दोन पॅड, खालचा आणि पाठीचा, मिळून साठेक वॉट खातात. बारा व्होल्टवर ते पाच अँपिअर झाले, दोन सीटचे दहा. हेडलाइटचे ५५ वॉटचे दोन बल्ब लावले तर साधारण नऊ होतात. म्हणजे डेकच्या गाणी वाजवायच्या बारीक वायरीवर पुढच्या दोन्ही दिव्यांएवढा बोजा टाकला होता. तिथला फ्यूज पूर्वीच कधीतरी उडाला असणार, कारण त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली होती. हा आपल्याकडचा जुना रोग.

आता खरी गोष्ट टेपची. काम झालं डिसेंबरात. मग आला उन्हाळा. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर आणि गाडी उन्हात, काचा बंद. टेपचा डिंक ओघळतो, टेप सुटून लोंबतो, जॉइंट उघडा पडतो. तेव्हा काहीच होत नाही, कारण मे महिन्यात सीट कोण तापवतं? पुढच्या डिसेंबरात बटण दाबलं की मग. थंडीत केलेल्या वायरिंगची परीक्षा उन्हाळा घेतो आणि निकाल पुढच्या थंडीत लागतो. म्हणून मी टेपवर भरवसा ठेवत नाही. वायरीच्या टोकाला थिंबल, म्हणजे धातूची टोपी, दाबून बसवायची आणि वर श्रिंक स्लीव्हची नळी चढवून ती गरम करून आवळायची.

बातमीत ज्याला सरसकट शॉर्टसर्किट म्हणतात, त्यात दोन वेगळ्या भानगडी असतात. वायर गाडीच्या पत्र्याला टेकली (बॅटरीचं निगेटिव्ह पत्र्यालाच जोडलेलं असतं) तर करंट एकदम वाढतो आणि धड फ्यूज असेल तर तो उडतो. पण सैल जॉइंट नेहमीच्याच करंटवर तापत राहतो. दहा अँपिअर जाताना जॉइंटमध्ये ०.२ ओहमचा अडथळा झाला तर तिथे वीस वॉट उष्णता होते. माझ्या दुकानातलं लहान सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॉटचं आहे. म्हणजे तेवढी ऊब हाताच्या पेराएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या आड. फ्यूजला याचा पत्ताही लागत नाही, त्याच्या लेखी दहाच अँपिअर चालू असतात. गुरुजींच्या गाडीत आधी जॉइंट तापला, मग शेजारच्या वायरीची साल वितळली आणि ती पत्र्याला टेकली. धूर शेवटी निघाला, आग लागायची तयारी वर्षभर चालू होती.

कारखान्यातून सीट हीटर बसवून येतो तेव्हा त्याची वायर, त्याचा फ्यूज गाडीबरोबरच येतो. स्वीडनच्या साबने १९७२ च्या मॉडेलांत ही सोय दिली, ती बर्फाच्या मुलखासाठी. आपण पंचवीस वर्षांच्या गाडीत बसवतो तेव्हा तो रस्ता नव्याने काढावा लागतो. मी तो असा काढला.

आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढलं. मग पॉझिटिव्हपासून अडीच स्क्वेअर एमएमची वायर घेतली आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा निळा फ्यूज लावला. फ्यूज बॅटरीजवळच हवा, कारण तो पॅड वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. सीटखाली फ्यूज लावला तर अलीकडची सगळी वायर उघड्यावरच राहिली. तिथून रिले, म्हणजे बारीक करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारं बटण. रिलेच्या बुडाशी आकडे असतात: ३० ला बॅटरी, ८७ वरून सीटकडे, ८५ अर्थिंगला आणि ८६ ला किल्लीवरचा सप्लाय. किल्लीच्या वायरीवरून जातो तो फक्त रिलेच्या कॉइलचा करंट, अर्ध्या अँपिअरहूनही कमी. दहाचा भार रिले उचलतो. किल्ली काढली की सीट बंद. नाहीतर विसरून चालू राहिली की ३५ अँपिअर-तासाची बॅटरी सकाळी नुसती टक् करते.

इंजिनाकडून आत येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट घातला. पत्र्याची धार वर्षभर वायरीवर घासली की काय होतं ते वेगळं सांगायला नको. अर्थिंगसाठी रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर बोल्ट आवळला. जुन्या गाडीत निम्म्या तक्रारी गंजलेल्या अर्थिंगच्या निघतात, पण गिऱ्हाईक आधी बॅटरी बदलून येतं.

सीटचं काम कुशनवाल्याकडून करून घेतलं. रेक्झिन उतरवून पॅड फोमवर सपाट चिकटवला, घडी पडू दिली नाही. सीटखाली वायरीला ढील ठेवून ती फ्रेमला बांधली आणि सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे करून पाहिली. सरकत्या रुळात वायर सापडली की कात्रीसारखी कापली जाते. नव्या गाड्यांत सीटमध्ये एअरबॅगची पिवळी कपलरं असतात, तिथे कोणीही हौशीने हात घालू नये. मारुती ८०० ला तो त्रास नाही.

रिले, फ्यूज, वायर, स्लीव्ह मिळून सामान पाचशेच्या आत बसलं. मजुरी वेगळी, आणि गुरुजींनी घासाघीस केली तीही वेगळी.

एक गोष्ट मला उशिरा कळली. गुरुजींना साखर आहे आणि पायाला बधिरता. त्यांनी सीटवर गोधडीची चौघडी घातली होती, ऊब टिकावी म्हणून. खाली उष्णता कोंडते, पॅडमधल्या थर्मोस्टॅटला एकाच जागेचं तापमान कळतं, आणि बधिर मांडीला चटका लागलेला समजत नाही. त्यांच्या मांडीवर लाल चट्टा उठला होता, तो ते घामोळं समजत होते, तेही डिसेंबरात! गोधडी काढायला लावली. बटण 'लो'वर ठेवायचं आणि दहा मिनिटांनी बंद करायचं, असं त्यांच्या सूनबाईंसमोर सांगितलं. त्यांना एकट्याला सांगून उपयोग नसतो.

आता आपल्याला विनंती. गाडी जळाल्याच्या बातमीत तिच्यात बाहेरून काय बसवलं होतं, हेही वार्ताहरांनी विचारावं: डेक, जादा दिवे, हीटर, कोणी आणि कधी. पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणीसाठी गाडी तपासतात, तेव्हा संबंधितांनी डॅशबोर्डाखाली टॉर्च मारावा. दोन मिनिटांचं काम आहे. आणि गाडीमालकांनी बसवलेली वस्तू विमा कंपनीला कळवून ठेवावी.

गुरुजींचा तो काळा पडलेला जॉइंट मी फेकला नाही. काउंटरच्या काचेखाली ठेवलाय. कोणी म्हणालं, "फ्यूज कशाला, डायरेक्ट करून द्या," की काच उचलून तो त्यांच्या हातावर ठेवतो.

आपला वाचक,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, परभणी
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये, गुरुजी लगेच ओळखू येतील.)